अहल्या म्हणावे की अहिल्या?

प्रश्न : माझ्या सुनेला सातवा महिना आहे. मुलगी झाली तर तिचे नाव 'अहिल्या' ठेवायचे, असे मुलाने आणि सुनेने ठरवून टाकले आहे. नाव कानाला गोड लागते, पण जी नवऱ्याच्या शापाने शिळा होऊन पडली, तिचे नाव घरातल्या पहिल्या नातीला द्यावे हे माझ्या मनाला पटत नाही. त्यातच विहीणबाईंचे म्हणणे असे की, शुद्ध नाव 'अहल्या' आहे, 'अहिल्या' ही चूक आहे. या नावाचा नेमका अर्थ काय, ते कसे लिहावे आणि ठेवावे की ठेवू नये, याचा खुलासा करावा. (एक वाचक, सातारा)

उत्तर : आधी विहीणबाईंचा मुद्दा घेतो, कारण तो सोपा आहे. संस्कृतातले मूळ रूप 'अहल्या' हेच आहे, त्यात वाद नाही. मात्र 'अहिल्या' ही चूक नसून, बोलणाऱ्यांच्या तोंडी शब्द घडतो तसे घडलेले रूप आहे. 'ह' नंतरचा 'अ' मुळातच दुबळा उच्चारला जातो, आणि त्याच्या पाठोपाठ 'ल्या' हे जोडाक्षर येते. त्यातला 'य' हा 'इ'चा सख्खा शेजारी असल्यामुळे जीभ आधीच 'इ'कडे झुकते आणि 'अहल्या'ची 'अहिल्या' होते. मराठीप्रमाणेच हिंदी बोलणाऱ्यांनीही हेच केले. मात्रा मोजून पाहिल्या तर दोन्ही रूपांत पाचच भरतात, म्हणजे नावाच्या चालीलाही या बदलाने कुठे धक्का लागलेला नाही. पंडिती वळणाच्या जुन्या पुस्तकांत होळकरांच्या राणीचे नावही 'अहल्याबाई' असेच छापलेले आढळते, त्यामुळे ही दोन वेगळी नावे आहेत असेही समजू नये. मराठी कानाला मात्र आज 'अहल्या' म्हटले की गौतमाची पत्नी आठवते आणि 'अहिल्या' म्हटले की महेश्वरची राणी. हा फरक व्याकरणाने केलेला नाही, वापराने केलेला आहे, आणि नावाच्या बाबतीत वापराचा शब्द मी अधिक वजनदार मानतो.

अर्थाविषयी परंपरेतच तीन मते आहेत. त्यांतले पहिले वाल्मीकी रामायणाच्या उत्तरकांडात खुद्द ब्रह्मदेवाच्या तोंडी येते. 'हल' म्हणजे विरूपता, तिच्यापासून उपजणारे ते 'हल्य', आणि जिच्यात असे काहीच नाही ती 'अहल्या', असा तो खुलासा आहे. नावांच्या पुस्तिकांत 'निर्दोष सौंदर्याची' असा जो अर्थ छापतात, त्याचे मूळ इथे आहे. दुसरे मत वेदवाक्यांचा अर्थ लावणारे मीमांसक कुमारिल भट्टांचे. वैदिक यज्ञात इंद्राला बोलावताना त्याला 'अहल्येचा जार', म्हणजे तिचा चोरटा प्रियकर, म्हटलेले आहे. शतपथ ब्राह्मण या जुन्या वैदिक ग्रंथात हे संबोधन सापडते, म्हणजे रामायणाच्याही आधीपासून हे नाव ऐकिवात होते. देवांच्या राजाला यज्ञात असे का संबोधावे, हा पुढच्या विद्वानांना पडलेला पेच होता. कुमारिलांनी तो असा सोडवला की, 'अहन्' म्हणजे दिवस, त्यात जी लीन होते ती अहल्या म्हणजे रात्र, आणि तिला जीर्ण करणारा, मावळवणारा इंद्र म्हणजे सूर्य. व्युत्पत्ती म्हणून हे ओढूनताणून आणलेले आहे हे मान्य केले, तरी अर्थ म्हणून 'उजेडात विरघळणारी रात्र' कोणाला नको होईल?

मला स्वतःला तिसरे मत सर्वांत जवळचे वाटते. 'हल' म्हणजे नांगर आणि 'हल्य' म्हणजे नांगरट. पाणिनीच्या सूत्रांतही 'हल'पासून 'हल्य' हा शब्द नांगरण्याच्या अर्थाने सिद्ध केलेला आहे. तेव्हा जिला नांगर लागलेला नाही अशी भूमी ती 'अहल्या'. आता याच्या शेजारी 'सीता' हे नाव ठेवून पाहा. सीता म्हणजे नांगराने जमिनीत पडणारी रेघ, आपले शेतकरी जिला 'तास' म्हणतात ती. जनक शेत नांगरत असताना त्या तासातून जी वर आली ती सीता, आणि त्याच मिथिलेच्या वेशीवरच्या आश्रमात जी एकटी राहत होती ती अहल्या. एकीच्या नावात नांगर आहे, दुसरीच्या नावात नांगराचा अभाव आहे, आणि विश्वामित्रांबरोबर निघालेला राम आधी दुसरीला भेटतो आणि मग पहिलीकडे जातो. ही जोडी योगायोगाने जमली असेल असे मला तरी वाटत नाही.

आता आपल्या खऱ्या शंकेकडे येतो. शापाने शिळा झालेली स्त्री ही कथा आपण, मी, सगळ्यांनीच लहानपणापासून ऐकलेली आहे. परंतु वाल्मीकींच्या बालकांडात ती शिळा होतच नाही. अठ्ठेचाळिसाव्या आणि एकोणपन्नासाव्या सर्गांत ही कथा आहे. इंद्र गौतमाच्या वेषात तिच्याकडे येऊन गेला, म्हणून गौतमाने दिलेला शाप असा आहे की, तू वाऱ्यावर जगशील, निराहार राहशील, राखेवर झोपशील, आणि याच आश्रमात कोणाही प्राणिमात्राच्या दृष्टीस न पडता राहशील. म्हणजे ती दगड झालेली नाही. ती आहे, जागी आहे, तप करते आहे, फक्त दिसत नाही. राम आणि लक्ष्मण आश्रमात शिरतात तेव्हा तिचा अदृश्यपणा संपतो, आणि ते दोघे भाऊ तिचे पाय धरतात. पायाची धूळ लागून उद्धार वगैरे त्या प्रसंगात काही नाही. वाकतात ते राजपुत्र. त्यानंतर ती त्यांना पाद्य देते, अर्घ्य देते, पाहुणचार करते आणि गौतमाबरोबर पुन्हा संसाराला लागते.

शिळेची कल्पना नंतरची आहे. कालिदासाच्या रघुवंशात अकराव्या सर्गात गौतमाची पत्नी 'शिलामयी' म्हणून येते आणि रामाच्या चरणरजाने पूर्वरूप पावते. तुलसीदासांच्या रामचरितमानसातही तिने दगडाचा देह धरलेला आहे. कीर्तनांतून आणि चित्रांतून हेच रूप इतके पसरले की मूळ कथेतली राखेवर झोपणारी तपस्विनी मागे पडली. तिचा दोष किती, याबाबतही एकट्या रामायणात दोन सूर आहेत. बालकांडात ती इंद्राला त्याच्या वेषांतरातही ओळखते, तर उत्तरकांडात ती पतीला सांगते की, तो तुमचे रूप घेऊन आला होता, मला ते कळले नाही. कथा सांगणाऱ्यांनाच ज्या प्रश्नाचा निकाल लावता आला नाही, त्याचा निकाल एका तान्ह्या मुलीच्या पाळण्याशी लावू नये असे मला वाटते.

याच कथेतला एक प्रसंग सहसा कोणी सांगत नाही, तो आपल्याला अवश्य सांगतो. अहल्येचा मोठा मुलगा शतानंद हा जनकाचा पुरोहित. विश्वामित्र राम-लक्ष्मणांना घेऊन मिथिलेला पोहोचतात, तेव्हा या शतानंदाला धनुष्याची किंवा स्वयंवराची चौकशी सुचत नाही. तो अधीरपणे विचारतो की, माझ्या यशस्विनी आईची आणि या राजपुत्राची भेट घडवलीत ना? तिने त्यांचा सत्कार केला ना? वडिलांशी तिची भेट झाली ना? एकामागून एक प्रश्न तो विचारत राहतो, आणि बहुतेक आईविषयीच. ज्या स्त्रीला जग शापित म्हणत होते, तिला तिचा मुलगा सर्वांसमोर 'यशस्विनी' म्हणतो. आपल्या नातीला हे नाव द्यायचे ठरले, तर ती मोठी झाल्यावर कथेतला हा भाग तिला आधी सांगावा आणि शाप नंतर.

शिवाय, आपण जुन्या वळणाच्या घरातल्या आहात हे आपल्या पत्रावरून दिसते, तेव्हा सकाळी उठल्यावर म्हणायचा पंचकन्यांचा श्लोक आपल्याला नक्की पाठ असणार. 'अहल्या द्रौपदी सीता तारा मंदोदरी तथा' असा तो आहे, आणि या पाचांचे नित्य स्मरण महापातकांचा नाश करते असे पुढच्या चरणात म्हटले आहे. पाच नावांत पहिला मान अहल्येचा आहे. रोज सकाळी ज्या नावाने दिवस उजाडतो, ते नाव पाळण्यात मात्र अशुभ कसे ठरावे? या पाचांतल्या द्रौपदीचे आपल्या खेड्यापाड्यांत 'द्रौपदाबाई' झाले, सीतेची 'सीताबाई' झाली, आणि तारा तर घरोघर होत्याच. इतिहासात डोकावले तर पाचांपैकी दोन नावे मराठी राज्यकर्त्या स्त्रियांची आहेत. एक, 1700 मध्ये राजारामांच्या निधनानंतर औरंगजेबाशी झुंज चालू ठेवणाऱ्या ताराबाई, आणि दुसऱ्या अहिल्याबाई.

अहिल्याबाईंचा जन्म 31 मे 1725 रोजी चौंडी या गावी झाला. हे गाव आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात जामखेड तालुक्यात येते. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. आपल्या शंकेचे एक उत्तर या घरातच मिळते. तीनशे वर्षांपूर्वी एका धनगर पाटलाच्या घरात मुलीला हे नाव ठेवताना कोणाला शापाची भीती वाटली नव्हती, आणि मल्हारराव होळकरांनी सून करून घेताना नावावरून नाक मुरडल्याचेही कोणी लिहून ठेवलेले नाही. पुढे त्यांच्या वाट्याला जे आले ते दुःखाचे होते हे खरे. पती खंडेराव 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात कामी आले, 1766 मध्ये सासरे गेले, आणि 1767 मध्ये मुलगा मालेराव गेला. त्यानंतर 13 ऑगस्ट 1795 रोजी महेश्वर येथे त्यांचे निधन होईपर्यंत अठ्ठावीस वर्षे त्यांनी कारभार केला. नाव ठेवताना लोक बहुधा दुःखाची यादी वाचतात आणि ही अठ्ठावीस वर्षे विसरतात.

त्या वर्षांची खूण आजही हातात धरता येते. महेश्वरच्या टांकसाळीतून निघालेल्या त्यांच्या काळातल्या रुपयावर बादशहाच्या नावाचा फारसी मजकूर आहे, आणि त्या फारसी अक्षरांतच शिवलिंग आणि बेलाचे पान उठवलेले आहे. नाणे दिल्लीच्या रिवाजाचे, पण पान आपल्या श्रद्धेचे. काशी विश्वनाथाचे आजचे मंदिर त्यांनी 1780 च्या सुमारास उभारले, वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार केला, आणि घाट, विहिरी, धर्मशाळा तर ठिकठिकाणी बांधल्या. त्यांना मिळालेली 'पुण्यश्लोक' ही उपाधीही सकाळच्याच एका श्लोकातून आलेली आहे. नल, युधिष्ठिर, वैदेही आणि जनार्दन यांना त्या श्लोकात पुण्यश्लोक म्हटले आहे. पंचकन्यांपैकी पहिलीचे नाव धारण करणाऱ्या स्त्रीला लोकांनी आपणहून या दुसऱ्या श्लोकातही नेऊन बसवले.

नाव किती चालते, हेही आपल्या सुनेला जाणून घ्यायचे असेल. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात ते खेड्यांत 'अहिल्याबाई' म्हणून आणि शहरांत नुसते 'अहिल्या' म्हणून चालत होते. लाटणी हातात घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या मोर्चांच्या पुढारी आणि 1977 मध्ये मुंबईतून लोकसभेवर निवडून गेलेल्या अहिल्या रांगणेकर यांचा जन्म 1922 चा, तो याच काळातला. स्वातंत्र्यानंतर सुनीता, सुषमा, माधुरी अशा नावांची लाट आली आणि पुराणातली नावे 'बाई'सकट आजीच्या पिढीची ठरली. आता चक्र पुन्हा फिरले आहे. रमा, मुक्ता, सई, जिजा यांच्याबरोबर अहिल्याही परत येते आहे. त्याची एक बाजू सार्वजनिक आहे. इंदूरचे विद्यापीठ आणि विमानतळ अहिल्याबाई होळकरांच्या नावाचे आहेतच, सोलापूर विद्यापीठाला 2019 मध्ये त्यांचे नाव मिळाले, अहमदनगरचे 2024 मध्ये अहिल्यानगर झाले, आणि 2025 मध्ये त्रिशताब्दीनिमित्त हे नाव वर्षभर कानावर पडत राहिले. दुसरी बाजू निव्वळ नादाची आहे आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. अनन्या, काव्या, आराध्या या आजच्या नावांचा शेवट पाहा. 'या'ने संपणाऱ्या नावांची सध्या चलती आहे, आणि अहिल्या त्यांत न शोभण्याचे काहीच कारण नाही. हजारो वर्षांचे नाव असूनही शाळेच्या हजेरीत ते जुने वाटणार नाही, ही सोय फार थोड्या नावांना लाभते.

माझा सल्ला विचाराल तर, नाव अवश्य ठेवावे आणि 'अहिल्या' असेच ठेवावे. विहीणबाईंचे मन राखायचे असेल तर बारशाला आत्याने मुलीच्या कानात 'अहल्या' म्हणावे आणि जन्मदाखल्यावर 'अहिल्या' लिहावे. पाळण्यातले नाव आणि कागदावरचे नाव वेगळे असणे आपल्याकडे नवे नाही. नावरस अक्षर पाहत असाल तर 'अ' हे कृत्तिकेच्या पहिल्या चरणाचे अक्षर आहे, पण मुलगी कृत्तिकेवरच जन्मावी असा हट्ट मात्र धरू नये.

प्रश्न : 'अहि' म्हणजे साप. मग 'अहिल्या' या नावाचा सापाशी संबंध आहे का? एका ओळखीच्या गृहस्थांनी तसे ठामपणे सांगितल्यामुळे आम्ही हे नाव रद्द केले. (एक वाचक, नागपूर)

उत्तर : संस्कृतात 'अहि' म्हणजे साप हे बरोबर आहे, परंतु या नावातली 'इ' मुळातली नाही, ती वर सांगितल्याप्रमाणे नंतर शिरलेली आहे. मूळ 'अहल्या'त 'अहि' कुठेच नाही. योगायोग एवढाच की वेदांत इंद्राने ज्या वृत्राला मारले, त्याला 'अहि' म्हणतात, आणि अहल्येच्या कथेतही इंद्र आहे. आपल्या गृहस्थांचे धागे तिथे कुठेतरी गुंतले असावेत. मुलीचे नाव अजून नोंदवलेले नसेल, तर रद्द केलेले नाव पुन्हा विचारात घ्यायला हरकत नाही. महाराष्ट्रात जन्माची नोंद नावाशिवायही होते आणि वर्षभराच्या आत नाव विनाशुल्क भरता येते.

प्रश्न : माझे माहेरचे नाव वेगळे होते. लग्नात यजमानांनी तांदळाच्या ताटात अंगठीने 'अहल्या' असे लिहिले, कारण सासरे संस्कृतचे शिक्षक होते. पुढे शिधापत्रिकेवर 'अहिल्या' झाले, बँकेत 'अहील्या' झाले, आणि आता आधार कार्डावर इंग्रजीत भलतेच स्पेलिंग आहे. माझे वय 66 आहे. यातले कोणते नाव खरे धरावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तांदळात लिहिलेले नाव भाषेच्या दृष्टीने सर्वांत निर्मळ आहे, परंतु ते ताट उचलल्याबरोबर पुसले गेले. कागदोपत्री तुमची ओळख तुमच्या बहुतेक कागदांवर जे रूप आहे, तेच धरते. यातले 'अहील्या' हे एकच रूप मी चुकीचे म्हणेन. दीर्घ 'ही' संस्कृतातही नाही आणि मराठीच्या उच्चारातही नाही. जोडाक्षरापूर्वीचा स्वर ऱ्हस्व असला तरी त्यावर आघात येतो आणि तो लांब भासतो, लिहिणारा त्या भासाला फसतो. 'अहल्या' आणि 'अहिल्या' यांपैकी जे अधिक कागदांवर असेल ते कायम ठेवा. इंग्रजीत एकाच 'एल'चे स्पेलिंग निवडा, म्हणजे पुढचा गोंधळ टळेल.

व्यवहारात किरकोळ फरकासाठी 'ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत' असे प्रतिज्ञापत्र बऱ्याच ठिकाणी चालते. तेवढ्याने भागत नसेल तर नावातील बदल महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करून घ्यावा आणि तो अंक जपून ठेवावा. आधी आधार कार्ड दुरुस्त करून घ्या, मग बँक, आणि शेवटी शिधापत्रिका. उलट क्रमाने गेलात तर प्रत्येक खिडकीवर आधीच्या खिडकीचा कागद मागतील.

तुम्ही नाशिकच्या आहात म्हणून एक सांगतो. गौतमाने गोदावरी आणली ती त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर, अशी आपल्याकडची श्रद्धा आहे, आणि त्याच त्र्यंबकेश्वरात गोदावरीला येऊन मिळणाऱ्या छोट्या नदीचे नाव अहिल्या आहे. नदीच्या नावातसुद्धा 'इ' ऱ्हस्वच आहे. बँकेतल्या कारकुनाने वाद घातला तर त्याला हे उदाहरण जरूर द्या.